निरोपाच्या जेवणाचं डांबर

व्हीबके आमच्याच ठेकेदाराची माणूस, आणि तिचं काम आमच्याच रस्त्यात खोट काढणं. सरकारी तपासनीस यायच्या आधी ठेकेदाराने आपलं काम आपणच तपासायचं, असा नियम. म्हणजे पगार कंपनीचा आणि कटकटही कंपनीलाच! बाई एका जागी टिकेल तर शपथ. डांबरात थर्मामीटर खुपस, थराची जाडी मोज, पुन्हा टाकीकडे पळ. आम्ही तिला गांधीलमाशी म्हणायचो, तेही तोंडावर.

हा धंदा तिला शिकवला ओनोने. ओनो आमचा मुकादम, आणि एम्डेन शहराजवळच्या कालव्यावरचा पूल हे त्याचं निवृत्तीआधीचं शेवटचं काम. आमच्यात पूल संपला की कागदाच्या आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या घड्यांत हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, गुंडाळून ते उकळत्या डांबराच्या टाकीत सोडतात. दुपारपर्यंत ते लोण्यासारखं मऊ होतं. ते डांबर मात्र फेकून द्यायचं असतं. फार वेळ शिजलेलं डांबर ठिसूळ होतं, हिवाळ्यात तडकतं आणि पाणी थेट पुलाच्या लोखंडात मुरतं.

निरोपाचं जेवण रंगात आलं होतं. व्हीबके प्रयोगशाळेतून उशिरा आली, हॅमचं ताट घेतलं आणि सवयीने टाकीत डोकावली. टाकी रिकामी होती.

"ओनो, हॅमचं डांबर कुठे गेलं?"

"अगं, कठड्याशी जरासं कमी पडलं, तिथे ओतलं. दोन हात पट्टी! बस ना, जेव आधी."

ती बसली नाही. ताट हातात घेऊनच कठड्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. आम्हीही ताटं खाली ठेवली. मला तिचा संताप आला. म्हाताऱ्याच्या शेवटच्या दिवशी जरा डोळेझाक केली असती, तर काय आभाळ कोसळणार होतं?

"फोडावी लागेल," शेवटी ती म्हणाली.

"आजच सुचलं तुला? उद्या सांगितलं असतंस तर मी इथे नसतो."

"म्हणूनच आज सांगतेय. तुझ्या पाठीमागे सांगायची मला लाज वाटली असती."

ओनोने टोपी उचलली आणि कुणाशी हातही न मिळवता तो निघून गेला. व्हीबके रडली. तेही येरझाऱ्या घालतच.

दुसऱ्या दिवशी पट्टी फोडून आम्ही ताजं डांबर ओतलं. मी गुडघ्यांवर बसून लाकडी थापीने ते सारखं करत होतो. ओनो कुंपणाबाहेर येऊन उभा राहिला होता, कारण निवृत्त माणसाला आत सोडत नाहीत. व्हीबकेने पट्टी तपासली आणि त्याच्याकडे गेली.

"बरी झालीय," ती म्हणाली.

"मी केली असती तर?"

"चांगली झाली असती."

ओनोने मान डोलावली, सायकल वळवली आणि घरी गेला. पट्टी माझ्या हातची होती, तरी मला व्हीबकेचा राग आला नाही.