अर्धा सूर खाली

आमच्या घरातल्या लग्नांत कीबोर्ड वाजवायला नेहमी मास्टरच यायचे. नेपानगरहून स्कूटरवर, वाद्य गोधडीत गुंडाळून मागे बांधलेलं. हळदीला, पंगतीला, नवरी हॉलमध्ये येताना, सगळीकडे ते एकटेच.

चुलतबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तिचा भाऊ, आमचा दादा, म्हणाला, "इस बार डीजे. मास्टर का जमाना गया."

काकू पत्रिकांना हळदकुंकू लावत होत्या. "आणि माझं हळदीचं गाणं? मास्टर बरोबर साथ देतात. डीजेवाला देईल का?"

"सब देता है, मम्मी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "हिला विचारा. हिला गाण्यातलं कळतं. नववीत अख्ख्या शाळेसमोर एकटी गायली, एक सूर हलला नाही."

मी घरात फारशी बोलत नाही. त्यामुळे बोलले की सगळे ऐकतात. मी म्हटलं, "मास्टर तसं फार वाजवत नाहीत. ताल मशीनमध्ये भरलेलाच असतो. पट्टीसुद्धा बटण दाबून बदलतात."

दादाने टाळी वाजवली. "लो! बटणच दाबायचं तर मोठं दाबू ना!"

काकूसुद्धा हसल्या. डीजे ठरला. त्या बटणाचं मला कसं माहीत, हे कोणी विचारलं नाही.

नववीच्या गॅदरिंगला साथीला शाळेने मास्टरांनाच बोलावलं होतं. पहिलं कडवं नीट गेलं. मधलं संगीत संपलं आणि दुसरं कडवं मी उचललं ते अर्धा सूर खाली. एक पूर्ण ओळ माझा आवाज एकीकडे, कीबोर्ड दुसरीकडे. मला थांबता येईना, वर जाता येईना. मास्टरांचं बोट एका छोट्या बटणावर गेलं आणि कीबोर्ड खाली उतरून माझ्यापाशी आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. टाळ्या पडल्या. घरी मी काही सांगितलं नाही. पुढे कुठल्याही लग्नात मास्टर दिसले की मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसायचे. ते नसतील तर बरं, असं वाटायचं. त्या दिवशी घरात मी जे बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते इतक्या सहज बोलता आलं.

हळदीच्या दुपारी काकू गायला उठल्या. डीजेवाल्याने विचारलं, "आंटी, ट्रॅक है? फोन से भेज दो."

"ट्रॅक कुठला रे बाबा, माझ्या आईचं गाणं आहे."

"तो ऐसेही गा लो." त्याने माइक दिला.

त्या मोठ्या स्पीकरमधून स्वतःचाच आवाज ऐकून काकू बिचकल्या. गाणं फार वर लागलं होतं. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. बरोबरच्या बायका एकेक करून गप्प झाल्या. "जाऊ दे, लावा तुमचं," काकू हसून म्हणाल्या. मग जे लागलं त्यावर सगळे नाचले. काकूही नाचल्या.

मास्टरांना घरचे म्हणून जेवायला बोलावलं होतं. ते भिंतीजवळ बसले होते. मी वरण-बट्टी वाढायला गेले.

"काकूंना जरा खाली घ्यायला पाहिजे होतं," ते म्हणाले. मग विचारलं, "तू गातेस की सोडलं, बेटा?"

"सोडलं, सर."

"दादाने फोनवर सांगितलं मला. हसत होता. म्हणे आमच्या घरची सिंगर बोलली, मास्टर नुसती बटणं दाबतात." त्यांनी बट्टी चुरली. "बरोबर आहे. बटणंच असतात."

आवाजात टोचणी नव्हती. असती तर मला माफी तरी मागता आली असती. मी वरणाचं भांडं धरून उभी होते, तेवढ्यात काकू घाम पुसत आल्या.

"मास्टर, ही गायची हो! नववीत एकटी गायली, माहितीये ना?"

"माहितीये. साथीला मीच होतो."

"मग सांगा, हलला का एक तरी सूर?"

मास्टरांनी वर पाहिलं. काकूंकडे, माझ्याकडे नाही.

"नाही," ते म्हणाले. "एकही नाही."

मला तिथेच बोलता आलं असतं. मी त्यांच्या ताटात आणखी एक पळी वरण वाढलं, त्यांनी नको म्हणून हात आडवा धरला होता तरी.