आमटीतलं मीठ

मी भूक लागते म्हणून जेवतो. पोळी-भाजी, वरण-भात, ताक, संपलं. संध्याकाळी कुणी विचारलं की दुपारी काय होतं, तर मला डोकं खाजवावं लागतं. त्यातून पित्ताचा त्रास, त्यामुळे बाहेरचं खाणं म्हणजे मला शिक्षाच. असा माणूस एका पट्टीच्या खवय्याचा जिवलग मित्र कसा, हे मला बरेचजण विचारतात. आम्ही दोघं अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एकाच कंपनीत. तो स्टोअर्सला, मी इन्स्पेक्शनला. त्याने मला कँटीन कमिटीत ओढलं, कारण त्याला बैठकीला हजर राहणारा आणि चवीबद्दल तोंड न उघडणारा माणूस हवा होता. तेव्हापासून तो जेवतो आणि मी त्याच्यासमोर बसतो.

त्याचं जेवण बघण्यासारखं असायचं. ताट आलं की आधी नुसता वास घ्यायचा, डोळे मिटून. मग सांगायचा, हिंग जुना आहे, किंवा खोबरं जरा जास्त भाजलं. नातेवाइकांच्या लग्नात आचारी रश्श्याचा पहिला द्रोण याच्याकडे पाठवायचे आणि याने मान हलवल्याशिवाय पंगत बसायची नाही. मला हे सगळं थोतांड वाटायचं. पण आचारी मात्र घाबरून असायचे.

त्या शनिवारी आम्हा दोघांना सुट्टी होती आणि दुपारी जेवायला जायचं ठरलेलं होतं. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. गंगापूर रोडला शहर संपता संपता एक हॉटेल आहे, पत्र्याची मोठी शेड, भोवती झाडं. त्याचा मालक लग्नाच्या ऑर्डरी घेतो. तिथलं जेवून बघायचं आणि पसंत पडलं तर ऑर्डर द्यायची, असा बेत होता. मी निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला.

"भाऊजी, एक काम आहे. पण ह्यांना कळता कामा नये."

त्यांच्या घरची एक रीत मला माहीत होती. स्वयंपाक करणारीने चव बघायची नाही. आधी देवाला नैवेद्य, मग नवऱ्याचं ताट. सासूने घालून दिलेली रीत, सासू गेली तरी वहिनींनी सोडली नाही. त्यामुळे मीठ कमी पडलं की जास्त, हे त्यांना लग्नापासून आजवर त्याच्या तोंडूनच कळत आलं. पहिला घास गेला की हा बोलणार, आज चिमूटभर कमी, आज चिंच पुढे गेली, आज जमलं. आम्हाला ऐकायला ती कटकट वाटायची. वहिनी म्हणाल्या, आमचं दिवसभराचं बोलणं तेवढंच हो.

"थंडीत तो ताप येऊन गेला ना, तेव्हापासून गप्प झालेत. काहीही वाढा, छान म्हणतात. मला काही सुचेना. शेवटी आठवडा झाला, मी आमटीत मीठच घालत नाही. माझ्या आणि लेकीच्या वाटीत नंतर घालून घेते. त्यांनी एकदासुद्धा विचारलं नाही. वाटी चाटूनपुसून संपवतात आणि छान म्हणून उठतात."

मी काहीतरी बोलायचं म्हणून, कामाचा ताण असेल, असं म्हटलं.

"ताण नाही. एकतर त्यांची चव गेली, नाहीतर मी त्यांच्या मनातून उतरले. दोन्हीपैकी काय ते बघून मला सांगा. आणि मिठाचं त्यांच्यापाशी बोलू नका. शपथ आहे तुम्हाला."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

हॉटेलात त्याने मला भिंतीकडच्या बाकावर बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला, माझ्या शेजारीच बसला. एरवी तो समोर बसतो. मी म्हटलं, "समोर बस की, मोकळं होईल." तर म्हणाला, "आज इथेच." म्हणजे त्याने वाट दिल्याशिवाय मला बाहेर पडायला जागा नाही. ताटं आली. शेवभाजी, भरीत, पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, कढी, मांडे. मसालेभात मागून येणार होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने वास घेतला नाही.

"खा," तो म्हणाला. "आणि मला सांग कसंय ते."

"मी सांगू?"

"मला काही लागत नाही रे." तो ताटाकडे बघूनच बोलला. "ताप आल्यापासून. वास नाही, चव नाही. ठेचा झोंबतो, पण मिरची आहे हे कळत नाही. डॉक्टरला दाखवलं गुपचूप. येईल म्हणाला, कदाचित नाहीही येणार."

मला खरं तर आधी सुटल्यासारखंच वाटलं. वहिनींना उत्तर मिळालं होतं. आणि त्याच क्षणी त्याने माझा उजवा हात धरून माझ्या ताटाच्या कडेवर ठेवला.

"हे घरी कळता कामा नये. अन्नावर हात आहे तुझा. बोल, सांगणार नाही."

"अरे, पण वहिनींना..."

"तिला तर मुळीच नाही. तिचा सगळा स्वयंपाक माझ्या जिभेवर चालतो. तिला कळलं तर ती कुणासाठी करेल? बोल."

अन्नावर हात ठेवून खोटं बोलायचं नाही, हे आमच्या पिढीच्या हाडात आहे. देवावरची शपथ आम्ही सहज मोडतो, परीक्षेपासून मोडत आलोय. पण भरल्या ताटावरची नाही. मी "नाही सांगणार" म्हणालो. सकाळी एक शपथ, दुपारी दुसरी, आणि दोन्ही एकाच घरच्या. मला दोघांचा भयंकर राग आला. एका छपराखाली राहतात, एका स्वयंपाकघरात बसतात, आणि मध्ये मला कशाला उभं करतात?

पुढचा बेत त्याने ठरवूनच आणला होता. मालक त्याला नावाने आणि कीर्तीने ओळखत होता, थोड्या वेळाने येऊन विचारणार होता. मी चाखायचं आणि खूण करायची. मी चष्मा पुसला तर मीठ कमी. पाणी प्यायलो तर तिखट जास्त. मान खाजवली तर तेल उतू चाललंय. काहीच केलं नाही तर पास. मी आयुष्यभर माल पास-नापास केला, पण तिथे हातात मापायचा गेज असतो. शेवभाजीला गेज कुठून आणू?

"मला नाही कळत रे यातलं."

"जीभ आहे ना? मग झालं. नीट चाव."

मी नीट चावलं. मला शेवभाजी शेवभाजीसारखी लागली. भरीत वांग्याचं होतं. त्याला हे सांगितलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "धूर लागतोय का? वांगं निखाऱ्यावर भाजलंय की गॅसवर?" मी अजून एक घास घेतला. मग अजून एक. दर पदार्थाला तो असा खोदून विचारायचा आणि मी खायचो. वाटी रिकामी झाली की वाढपी भरून जायचा. हा वाढपी हरसूलकडचा मिशाळ गडी, आग्रहाला तोड नाही. "घ्या ना सायेब, लय चांगलं झालंय, अजून काय खाल्लंय तुम्ही." मी ताटावर हात आडवा धरला तर तो बोटांच्या फटीतून पिठलं सोडायचा.

मालक आला. पांढराशुभ्र शर्ट, हात जोडलेले.

"तुमच्या जिभेला पसंत पडलं की मला पुढं काळजी नाय," तो म्हणाला. "बोला."

मित्र माझ्याकडे बघायला लागला. मला ठेच्याने ठसका लागला होता आणि मी विचार न करता पाण्याचा ग्लास उचलला. झालं. तो मालकाला अधिकारवाणीने म्हणाला, "शेवभाजी जरा जळजळीत झालीय." मालकाचा चेहरा पडला. "साहेब, आजवर सगळे म्हणतात, मिळमिळीत करता म्हणून..." मी घाईने ग्लास खाली ठेवला आणि चष्मा नाकावर नुसता नीट केला, तर मित्र म्हणाला, "आणि मीठही कमीच आहे." आता मालक माझ्याकडे बघायला लागला. मी काहीच न करता पुतळ्यासारखा बसलो. मालकाने दुसरी शेवभाजी मागवली. ती आली. ती पण मीच खाल्ली.

दरम्यान खिशातला फोन सारखा थरथरत होता. वहिनी. उजवा हात बरबटलेला, डाव्या हाताने काढला असता तर नाव त्याला दिसलं असतं. उठावं तर वाटेत तो. आणि शेजारचा जेवत असताना पानावरून उठायचं नाही हा त्याचाच नियम, कँटीनमध्ये त्याने नव्या पोरांना यावरून झापलेलं मी पाहिलंय. त्याच्या ताटात अर्धी भाकरी तशीच पडून होती. तो ती खातही नव्हता आणि टाकतही नव्हता. तुकडा मोडायचा, तोंडात टाकायचा, मातीचं ढेकूळ चघळावं तसा चघळायचा आणि मला पुढचं विचारायचा. छातीत जळजळायला लागलं होतं. बाहेर ऊन कलायला लागलं, आजूबाजूची टेबलं रिकामी झाली, पुसून झाली. मला वाटलं, मी आता या शेडमध्येच म्हातारा होणार.

"बस झालं," मी शेवटी तडकून म्हणालो. "मला नाही जमत हे. लग्नात मी तुझ्या मागे चष्मा पुसत फिरणार नाही. सरळ सांग ना घरी. आज ना उद्या कळेलच."

तो चिडला नाही. मांड्याचा एक पदर त्याने बोटाने उचलला आणि परत ठेवला.

"तुला एक गंमत सांगू?" तो म्हणाला. "मला सगळंच लागत नाही असं नाही. बाहेरचं सगळं मेलंय. पण घरचं, म्हणजे फक्त आमटी, ती लागते. खोटं नाही सांगत. ती वाटी पुढे ठेवते, मी भुरका मारतो आणि कळतं. चिंच, गूळ, आणि मीठ तर अगदी बेताचं. इतक्या वर्षांत तिचा हात एवढा बसलाय, की मला काढायला चूक सापडत नाही. म्हणून गप्प असतो. गेला आठवडाभर तर रोज वाट बघतो, जेवायला कधी बसतोय. तेवढं एकच उरलंय रे मला."

मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. त्याला त्या आमटीचं खरं सांगितलं असतं, तर उरलेलं तेवढंही गेलं असतं.

"सरक," मी म्हणालो. "मला हात धुवायचेत."

"अरे, माझं व्हायचंय अजून."

"सरक म्हणतो ना!"

तो सरकला. त्याचं पान अर्धं असताना मी उठलो. वाढपी बघत राहिला, मित्राचंही तोंड उघडं राहिलं. बेसिन शेडच्या मागे होतं. मी हात धुतले आणि वहिनींना फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"काय कळलं?"

मी ताटावर दिलेला शब्द मोडणार नव्हतो. पण काहीही न सांगता फोन ठेवणंही मला जमणार नव्हतं. दोघांचाही इतका राग आलेला असताना इतकी माया कशी वाटते, मला कळत नाही.

"वहिनी, आजपासून आमटीत मीठ घाला."

त्यांनी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे चवच गेलीय?"

"ते मी सांगणार नाही. ते काय म्हणाले तेवढं सांगतो. म्हणाले, आमटीत मीठ अगदी बेताचं असतं. चिंच, गूळ, सगळं लागतं. तुमचा हात एवढा बसलाय की चूक सापडत नाही, म्हणून गप्प असतो म्हणाले. रोज जेवायच्या वेळेची वाट बघतात."

"आठवडाभर?"

"आठवडाभर."

त्यांनी नाक ओढलं.

"घालते," त्या म्हणाल्या. "आणि भाऊजी, आधी मी घातलं नव्हतं, हे त्यांना कधीच सांगू नका. त्यांना लागत होतं ना, मग ते होतंच."