स्फटिकाला धुरी

आयोडीनचा वास आला की नव्वदच्या दशकातली सांगलीच्या कॉलेजातली ती दुपार आठवते. तासगावच्या मैत्रिणीनं वर्षभर खपून पेरिलीन नावाच्या रसायनाचा स्फटिक वाढवला होता, पण त्यातून वीज वाहीना. मीटरचा काटा म्हणजे कुंभकर्णाचाही बाप! सर म्हणाले, "उद्यापासून विषय बदला." तिचा चेहरा पडला, तरी म्हणाली, "आवं सर, घरी आमी बेदाण्याला गंधकाची देतो, तशी ह्याला आयोडीनची धुरी देऊ?" बंद बरणीत जांभळी वाफ कोंडली. आयोडीननं स्फटिकातले इलेक्ट्रॉन ओढून घेतले, रिकाम्या जागांतून वीज सुटली आणि काटा असा उसळला की मिरजेपर्यंतचे दिवे भगभगले असतील! सर चष्मा पुसत म्हणाले, "पोरी, विषय तोच ठेव." आता मीही कॉलेजात शिकवतो, पण कुणाचा विषय बदलण्याआधी विचारतो, "घरी काय पिकवता रं?"