गुरुजींनी लिहिलेली चौदा उत्तरं

आमच्या कंपनीत सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, कारण एकवीस वर्षं त्यांनी पहिलीच्या मुलांना शिकवलं. शाळा बंद पडली तेव्हा साहेबांनी त्यांना आमच्याकडे आणलं, आणि संगणकातलं ओ की ठो न कळणाऱ्या या माणसाला माझ्या शेजारच्या टेबलावर बसवलं. मी तपासणीस. दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा धंदा, आणि घरचे म्हणतात, स्वभावही. पहिल्या आठवड्यात मी नाक मुरडलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याच डब्यातलं खाऊ लागले.

आम्ही संगणकातली एक मदतनीस बनवत होतो. तिला नुसतं बोलून सांगायचं, मला असं असं ॲप हवंय, की दहा मिनिटांत ती त्याचा कच्चा नमुना उभा करते. बटणं, चित्रं, सगळं दिसतं. आत काहीच जोडलेलं नसतं. नमुना पसंत पडला की मग खरं ॲप बांधायचं. बुजऱ्या गिऱ्हाइकांनीही मोकळेपणाने बोलावं म्हणून तिला खोडकर स्वभाव द्यायचा होता, आणि ते काम गुरुजींचं. खारूताई हे नावही त्यांचंच.

दाबल्यावर गप्प बसणारं बटण लोकांना आवडत नाही. म्हणून नमुन्यातलं बटण दाबलं की खारूताई काहीतरी बोलायची. मदतीच्या बटणासाठी गुरुजींनी चौदा उत्तरं लिहिली, तेच तेच ऐकून कुणी कंटाळू नये म्हणून. "निरोप पोचला, चपला घालतायत." "निघाले बरं का, जिन्यात आहेत." मी ती सगळी तपासली आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून स्वतःवर खूश झाले. बटण कुठेच जोडलेलं नसतं हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं, की ते कुणाला सांगायला हवं असं मनातही आलं नाही.

एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांनी खारूताईकडून नमुना करून घेतला. मोठं लाल बटण, "कुणाला तरी बोलवा". भला माणूस. त्यांनी ते दाबून पाहिलं, ती म्हणाली निरोप पोचला, त्यांना वाटलं पोचला. त्यांच्याकडची जुनी घंटा बिघडलेलीच होती. त्याच दुपारी प्रत्येक म्हाताऱ्याच्या गळ्यात त्यांनी तो नमुना टाकलेला एकेक छोटा मोबाइल अडकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. सकाळी साडेनऊला एक आजोबा खोलीत पडले होते. साडेबाराला जेवणाचं ताट घेऊन बाई गेली, तेव्हा कुठे कुणाला कळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, चष्मा दूर उडाला होता. मी आमच्याकडची नोंद उघडली. बटण सतरा वेळा दाबलं होतं. म्हणजे चौदा उत्तरं संपून पहिली तीन पुन्हा वाजली. गुरुजींनी नोंद वाचली, चष्मा काढला आणि कितीतरी वेळ तो पुसत बसले.

साहेब म्हणाले, "खाली बारीक अक्षरांत लिहिलंय ना, हा फक्त नमुना आहे म्हणून? आपल्यावर काही येत नाही."

"साहेब, तो माणूस फरशीवर पडला होता, चष्म्याशिवाय," गुरुजी म्हणाले. "मी भेटून येतो त्यांना."

"ती कबुली ठरेल, गुरुजी. गेलात तर उद्यापासून इकडे येऊ नका."

गुरुजींनी डबा पिशवीत टाकला, टेबलाचा खण रिकामा केला आणि निघाले. मला साहेबांची चीड आली होती, पण खरं सांगायचं तर नोकरी सोडायची हिंमत माझ्यात नव्हती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांच्या मागे गेले.

दवाखान्यात आजोबा खाटेवर उताणे पडले होते. आम्ही त्या मोबाइलवाल्या कंपनीकडून आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"ती मुलगी फार गोड बोलते हो," ते म्हणाले. "नाहीतर मी घाबरलोच असतो. शेजारच्या खोलीत माणूस होता. भिंतीवर थाप मारली असती तर आला असता. पण ती सांगतेय निघालेत म्हणून, मग त्याला कशाला त्रास? त्याचेही गुडघे दुखतात. पडल्या पडल्या तिच्याशीच बोलत होतो. आमच्या हिच्या आजारपणाचं सगळं सांगितलं तिला. मुलांनाही कधी सांगितलं नव्हतं."

मला वाटलं, आता गुरुजींनी गप्प बसावं. मी त्यांची बाहीसुद्धा ओढली.

"काका," गुरुजी म्हणाले, "ते बोलणं मी आधीच लिहून ठेवलेलं होतं. निरोप कुणालाच गेला नव्हता. चूक माझी आहे."

पायाबद्दल आजोबा एक अक्षर बोलले नाहीत.

"म्हणजे मी हिचं सांगत होतो, तेव्हा तिकडे कुणी नव्हतं?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "कुणीच नव्हतं."

आजोबांनी मान हळूच दुसऱ्या बाजूला वळवली.