मामासासऱ्यांचा खवळलेला समुद्र

आमच्या मामासासऱ्यांइतका समुद्राला भ्यालेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही, आणि समुद्राच्या इतक्या गप्पा मारणाराही. माझ्या बायकोचे हे थोरले मामा मूळचे पातूरकडचे. अठराव्या वर्षी नौदलात खलाशी म्हणून लागले, पंधरा वर्षं जहाजांवर काढली आणि परत येऊन अकोल्यात एका सरकारी कचेरीत चिकटले. तिथूनही आता रिटायर होऊन जमाना झाला. अकोल्याहून समुद्र गाडीनं एका रात्रीवर आहे. मामांच्या लेखी मात्र तो मागच्या बोळात येऊन थांबलेला आहे आणि कुठल्याही क्षणी दारातून आत घुसेल. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली, की बाकीचं अकोला 'चला, दोन दिवस गारवा' म्हणून खूश होतं, आणि मामा दोरी काढतात. कूलर खिडकीच्या गजाला, गॅसचं सिलिंडर ओट्याच्या पायाला, टीव्ही भिंतीतल्या कड्याला. फ्रिजलासुद्धा वरून दोन वेढे. "दूध काहाडाचं म्हनलं तं आधी गाठ सोडा लागते," मामी मला सांगत होत्या, "अन् ते गाठ यांच्याबिगर कोनाले सुटत नाही." सकाळी मामी मामांना लवकर उठवतात ती काही त्यांच्या तब्येतीच्या काळजीनं नव्हे.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हाची गोष्ट. मी अमरावतीचा, नवा जावई, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. ताट वाढायच्या आधी मामांनी स्वतःच्या हातानं माझ्यासमोर एक ओलं फडकं अंथरलं. मला वाटलं, असेल यांच्या घरातला काही रिवाज. आपण कशाला कमी पडा, म्हणून मी त्या फडक्याला हात जोडून नमस्कार केला. बायकोनं कपाळाला हात लावला. फडक्याचं पाणी टेबलावरून माझ्या मांडीवर टिपकायला लागलं तेव्हा मामा समाधानानं म्हणाले, "आता ताट घसरत नाही, जवाईबापू. घर कसंबी कललं तरी वरन जाग्यावर राहाते." घर कलत नसतं, हे मी तेव्हा नवा असल्यामुळे बोललो नाही, आणि पुढे जुना झाल्यावर बोलून उपयोग नव्हता. त्या घरात गेली बावीस वर्षं मला अर्धा कप चहा मिळतो आहे. भरून मागितला, की मामा काळजीनं जमिनीकडे बघतात.

आणि फोन! अमरावतीत चार थेंब पडले की यांचा फोन आलाच. "सगळे घरात हायेत?" "आहेत मामा." "मोजले?" चार माणसांचं माझं घर, त्यात मोजायचं काय? पण मोजल्याशिवाय हा माणूस फोन ठेवत नाही. एकदा माझा मुलगा न्हाणीघरात होता तर त्याला आतून ओ द्यायला लावली. माझं डोकं फिरलं होतं. पण मामांच्या आवाजात असं काही असतं, की ओरडावंसं वाटत नाही. साध्या पावसाला एवढा घाबरणारा हा माणूस पंधरा वर्षं जहाजावर कसा टिकला असेल, असं मला कायम वाटत आलं.

याचं उत्तर म्हणून जे काही आम्हाला मिळायचं, ते महिन्याच्या पहिल्या रविवारी मिळायचं. त्या दिवशी मामांकडे त्यांचे दोन जुने सोबती येतात. एक अमरावतीचे, मामांच्याच जहाजावर आचारी होते. दुसरे मूर्तिजापूरचे, वेगळ्या जहाजावर एंजिनात होते. जयभीम-नमस्कार होतो, मामी पातोड्यांची भाजी करतात, आणि जेवण उरकलं की तिघंही ढेकर देऊन जे समुद्रात उतरतात ते चारच्या चहापर्यंत बाहेर येत नाहीत. मूर्तिजापूरकरांचा समुद्र नेहमीच जास्त खवळलेला. मामांची लाट दुमजली असली तर यांची जिनिंगच्या धुराड्याएवढी. "तुमची ते काय लाट हाये?" ते म्हणतात. "तेवढी तं आमी चहात फुक मारली तरी येत होती." मग मामा पुढच्या महिन्यात आपली लाट वाढवून आणतात. मी हे सगळं इतक्यांदा ऐकलंय, की मलाच कधी कधी बोट लागते.

या सगळ्यांत राजा म्हणजे वरणाचा किस्सा. एका दुपारी वादळात जहाज असं कललं, की आचाऱ्यांच्या भटारखान्यातलं अख्खं वरणाचं पातेलं सुटलं. दोनशे माणसांचं वरण जमिनीवर, त्यावरून जो तो घसरतोय, आणि आमचे मामा परातीत बसून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सूं जातायत आणि सूं परत येतायत. एका साहेबाची टोपी वरणात तरंगत होती, आणि तो साहेब तीच टोपी डोक्यावर घालून सॅल्यूट घेत होता. हा किस्सा ऐकून त्या घरात न हसलेला माणूस नाही. आणि सगळ्यांत जास्त हसायची ती मामांची नात. लहानपणापासून दर रविवारी आजोबांच्या खुर्चीला टेकून बसायची. त्याचं जे व्हायचं ते झालं. बारावी झाल्यावर पोरगी म्हणाली, "मले जहाजावर जाचं हाये." नुसती म्हणाली नाही, तर मालवाहू जहाजांवर कॅडेट घेतात त्या कोर्सची परीक्षा देऊन पासही झाली. प्रवेश घ्यायला आठ दिवस होते. तिचे वडील, म्हणजे मामांचा मुलगा, गरीब स्वभावाचा मास्तर. त्यानं हात झटकले. म्हणाला, "आबा हो म्हनतीन तं जा. आबा नाही म्हनतीन तं नाही."

त्या दिवसापासून मामांचं जेवणावरचं मन उडालं असं मामी म्हणायच्या. मला बोलावून घेतलं. बघतो तर माणूस दोन-तीन दिवसांत उतरलेला. "जवाईबापू, मी फसलो," ते म्हणाले. "नाही कसं म्हनू? जनमभर मीच तं तिले सांगून राहिलो, जहाजावर लय मजा. अन् हो कसं म्हनू? एकुलती एक पोट्टी हाये." मी म्हटलं, मग काय करायचं? तर त्यांनी योजना आधीच शिजवली होती. येत्या रविवारी तिघा म्हाताऱ्यांनी मिळून तिच्यासमोर फक्त भयंकर गोष्टी सांगायच्या. हसायचं नाही. एक शब्द गमतीचा बोलायचा नाही. पोरीच्या छातीत धडकी भरली पाहिजे आणि तिनंच आपणहून 'नको' म्हटलं पाहिजे. दोघा मित्रांना फोन करून मामांनी बजावलं, "पोट्टीले भेव घालाचं हाये. दात काहाडले तं पातोडी भेटनार नाही."

रविवारी मी मुद्दाम गेलो. तिघं ओळीनं बसले होते, मयताला आल्यासारखे. नात समोर. आचाऱ्यांनी घसा खाकरून सुरुवात केली. "बाई, समुद्र लय वाईट," ते म्हणाले. "मानूस उभा राहू शकत नाही. पोटात अन्न ठरत नाही." मामांनी मान डोलावली. पाच मिनिटं फार छान चाललं होतं. खरं सांगतो, जहाजावर कधी पाय ठेवायचा नाही असं मीच ठरवून टाकलं. मग आचारी म्हणाले, "आमच्या जहाजावर एकदा आठ दिवस स्वयंपाक नाही झाला." तिथे मूर्तिजापूरकरांचा पीळ जागा झाला. "आठ?" ते म्हणाले. "आमच्या इथं अकरा. अकराव्या दिवशी आमच्या साहेबानं बूट उकडाले ठेवला होता." पोरगी फिस्सकन हसली. मामांनी टेबलाखालून त्यांना लाथ मारली, ती मला लागली. पण आता बांध फुटला होता. आचाऱ्यांना आपलं जहाज मागे पडलेलं कसं सोसावं? त्यांनी सरळ वरणाचं पातेलं काढलं. मामा डोळ्यांनी 'नको, नको' करत होते. आचारी म्हणाले, "अन् बाई, हे तुहे आबा, टोपल्यात बसून..." "टोपलं?" मामा उसळले. "टोपलं नोहतं बे, परात होती! टोपल्यात बसून घसरता येते का कुठी?" आणि पुढच्या क्षणी चौऱ्याहत्तर वर्षांचे आमचे मामा जमिनीवर मांडी घालून, दोन्ही हातांनी परात धरल्यासारखं करून, दिवाणापासून फ्रिजपर्यंत सरकत दाखवत होते. मूर्तिजापूरकर रडेपर्यंत हसले. मामी आतून पदर तोंडाला लावून आल्या. पोरगी पोट धरून खुर्चीवरून खाली बसली. फ्रिजपाशी पोचल्यावर मामांच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो.

मित्र गेले. घर शांत झालं. मामा अजून जमिनीवरच होते. उठायला मी हात दिला तर घेतला नाही. नात त्यांच्याशेजारी येऊन बसली आणि हसतच म्हणाली, "आबा, मंग भरू ना पैसे उद्या?"

मामांनी फरशीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "परात नोहती."

"म्हनजे?" नातीनं विचारलं.

"टोपलंबी नोहतं. म्या टेबलाचा पाय धरला होता. खाली शिरून. एकोणीस वर्साचा होतो. जहाज एका बाजूनं कललं ते सरय होयेच ना. आमाले वाटलं, गेलं. म्या आईले हाका मारल्या, जोरजोरानं. सगळ्यायनं आयकलं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, जसा बाजारभाव सांगावा. "वरन खरं होतं. उकयतं होतं. ते आपल्या आचाऱ्याच्या पायावर गेलं. दोन्ही पाय सोलून निंघाले त्याचे. अन् तशा पायानं तो माह्याजवळ आला, टेबलाखाली, अन् माह्या डोक्यावर हात ठेवून बसला. मंग तीन दिवस कोनी कोनाशी बोललं नाही. चौथ्या दिवशी कोनाले तरी त्या साहेबाची टोपी आठवली अन् तो हासला. मंग आमी सगळेच हासलो. तवापासून हासूनच राहिलो."

बावीस वर्षं मी ज्या किस्स्याला कंटाळलो होतो, तो मी एकदाही ऐकलाच नव्हता. लाज वाटली मला. आचाऱ्यांचे पाय मी कधी उघडे पाहिले नव्हते, कायम घोट्याखालपर्यंत पायजमा, हे तेव्हा ध्यानात आलं.

पोरीचं हसू गेलं होतं. आजोबांचा हात तिनं धरला नाही, काही नाही. नुसती विचारती झाली, "मंग तुमी परत गेले कसे, आबा?"

"गेलो. दुसरं येत काय होतं मले?" मामा म्हणाले. मग थांबून, "अन् खोटं नाही बोलत. पाचव्या दिवशी समुद्र असा निजला होता... सकाळी. तसं म्या काहीच पायलं नाही नंतर. आता तू सांग. भेव वाटून राहिलं का?"

"हो," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "लय वाटून राहिलं. पन जाचं हाये."

मामांनी डोळे पुसले, तिचे नाही, स्वतःचे. "मंग जाय," ते म्हणाले. "मघाशी हासत होती तवा मी नाहीच म्हननार होतो."

पोरगी गेली. वर्षभर शिकली आणि मग जहाजावर चढली. मामांचं काय झालं ते विचारू नका. पूर्वी एक बंगालचा उपसागर होता, आता जगातले सगळे समुद्र त्यांच्या अंगावर आले. मोबाइलवर कुठल्याशा समुद्रातले वारे दिसतात म्हणे, ते बघत बसायचे. वरणभात पुढ्यात निवायचा. रविवारच्या बैठकी चालू होत्या, पण मूर्तिजापूरकरांनी लाट कितीही वाढवली तरी मामा वाद घालत नसत. एकदा मात्र सलग नऊ दिवस पोरीचा काही निरोप नाही. तेव्हा मीच अमरावतीहून रोज फोन करत होतो, आणि काय विचारावं ते मला कळत नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारी पोरीचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे मामांकडेच जमलो होतो. स्पीकरवर टाकला. पोरीचा आवाज खणखणीत. म्हणाली, "आबा, काय मजा झाली सांगू! पावसाळ्यातला समुद्र, जहाज अस्सं कललं, अन् आमच्या भटारखान्यातली तांदळाची पोती फुटली. सगळीकडं तांदूळ! आमचा कप्तान त्याच्यावरून घसरत घसरत आला अन् थेट फ्रीजरमदी गेला. बाहेर आला तं हातात कोंबडी!" मास्तर हसला. मामी हसल्या. माझी बायको तर टाळ्या देऊन हसली. मीही हसलो असतो, पण माझं लक्ष मामांकडे गेलं. ते हसत नव्हते.

त्यांनी पुढे होऊन फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि गच्चीत गेले. ऊन रणरणत होतं आणि माणूस अनवाणी, म्हणून मी चप्पल घेऊन मागे गेलो. त्यांची पाठ माझ्याकडे होती. तिकडचं मला ऐकू येत नव्हतं, फक्त मामांचं येत होतं.

"किती येळ कललेलं होतं?" ते विचारत होते. "...हं. ...हं. सोबत कोनी होतं का तुह्याजवळ? ...हं. नाव काय त्याचं?"

मी चप्पल त्यांच्या पायांशी ठेवली. त्यांना कळलंही नाही.

"रड, माय," मामा म्हणाले. "रड आता. इथं कोनी आयकत नाही. मी फोन ठेवत नाही."