मध्येच सोडता येत नाही

मी एका आजारी माणसाच्या बायकोला खोटं सांगितलं. घाईत तोंडातून निघून गेलं, असं म्हणायची सोय नाही. मी शांतपणे, समजुतीच्या सुरात सांगितलं, म्हणजे ते आणखी खरं वाटावं.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात ब्रदर आहे. माझं पोट आणि पिकलेले केस पाहून नवीन रुग्ण 'ब्रदर' म्हणताना जरा अडखळतात. चाळिशी उलटल्यावर मला नर्सिंगमध्ये पुढचं शिक्षण घ्यायची हुक्की आली आणि त्यासाठी एक छोटा अभ्यास करणं भाग होतं. विषय मी घरचाच निवडला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आमच्याकडे पाठ स्पिरिटने चोळायची आणि वर पावडर थापायची रीत होती. लाल झालेली जागा चोळली तर उलट अपाय होतो, हे आता सगळी पुस्तकं सांगतात. ते चोळणं आम्ही सरसकट बंद केलं. पण पावडरीने खरंच काही भलं होतं का, हे वॉर्डात कुणी कधी तपासलं नव्हतं. काहींना पावडर लावायची, काहींना नाही, आणि कूस मात्र सगळ्यांची वेळच्या वेळी बदलायची, असं ठरलं.

वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर वयाने माझ्याहून लहान आणि हुद्द्याने मोठ्या. त्यांनी पाळ्या लावून दिल्या नसत्या तर माझा अभ्यास कागदावरच राहिला असता. "तुम्ही करा संशोधन," त्या म्हणाल्या, "पाठी आम्ही वळवतो."

अभ्यासात घेण्याआधी प्रत्येकाची संमती लागते. त्या संमतीपत्राचं मराठी मी स्वतः केलं होतं आणि त्यातल्या एका वाक्याचा मला फार अभिमान होता: 'आपण कोणत्याही क्षणी, कारण न देता, यातून बाहेर पडू शकता, आपल्या उपचारांत काहीही फरक पडणार नाही.' हे मी अशा थाटात वाचून दाखवायचो, की सही करायच्या आधी समोरच्याने टाळ्या वाजवाव्यात.

बिबवेवाडीचे एक काका खुब्याचं हाड मोडून आले. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान. त्यांनीही वाक्य ऐकलं, सही केली आणि ते बिनपावडरवाल्यांत गेले. सोबत काकू होत्या. रुग्णालयाच्या चहापासून माझ्या चालण्यापर्यंत त्यांना सगळ्यावर मत होतं आणि ते त्या ऐकवायच्या. मी दिसलो की म्हणायच्या, "आले, आमचे शास्त्रज्ञ आले."

एकदा काकांची कूस बदलताना मोगऱ्याचा घमघमाट आला. पाठ पांढरीशुभ्र. मी काकूंकडे पाहिलं. त्या जराही ओशाळल्या नाहीत.

"अहो ब्रदर, पावडर लावल्याशिवाय यांनी कधी दुकानाचं शटर उघडलं नाही. इथे व्याही भेटायला येतात. यांना नको वाटतंय हे असं. आमचं नाव काढून टाका, चालेल ना?"

काकांनी उशीवरूनच मान हलवली. 'चालेल' एवढाच शब्द म्हणायचा होता. पण माझ्या अभ्यासात माणसं आधीच कमी होती. हे गेले तर परीक्षा पुढच्या खेपेवर जाणार, हे डोक्यात आलं आणि मी म्हणालो, "आता मध्येच सोडता येत नाही, काकू."

"असं होय," म्हणून त्यांनी पावडरचा डबा पिशवीत खाली सारला.

त्या दिवसापासून काकूंनी टोमणे बंद केले. मी दिसलो की उठून उभ्या राहायच्या. मला 'साहेब' म्हणू लागल्या. मला वाटलं, अखेर आपला मान वाढला. इतका मी शास्त्रज्ञ.

काका घरी गेल्यावर इन्चार्ज सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. काकूंनी त्यांना विचारलं होतं की ब्रदरांना नाराज केलं तर काकांना चालायला शिकवणारे यायचे थांबतील का. काकू तेवढे दिवस त्या भीतीत बसून होत्या.

"पाठ उत्तम राहिली हं काकांची," सिस्टर म्हणाल्या. "बाकीचं तुम्ही बघा."

मी माझ्या मार्गदर्शक बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी संमतीपत्र समोर ठेवलं, ते वाक्य शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "छान लिहिलंय. कुणी लिहिलंय?" मग नैतिकता समितीला कळवायला लावलं. काकांची माहिती अभ्यासातून गेली, माझी परीक्षाही पुढे गेली. ते सोपं होतं. बिबवेवाडीला जायचं मात्र मी बरेच दिवस टाळलं.

गेलो तेव्हा काका गल्ल्यामागे खुर्चीत होते, वॉकर शेजारी. माझा धीर होईना. मी एक बल्ब घेतला. मग आणखी एक. मग एक होल्डर.

"साहेब, घरात लग्न आहे का?" काकूंनी विचारलं. मग हात पुसत जरा दबकतच म्हणाल्या, "का परत सही हवी आहे? यांनी काही चुकीचं केलं का तिथे?"

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "काकू, काका, मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्हाला तेव्हाच सोडता येत होतं. काकांच्या उपचारांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तुम्ही साधं विचारलंत आणि मी माझ्या परीक्षेसाठी तुम्हाला भीतीत ठेवलं. मला माफ करा."