गारगोटीचे शत्रू

आमच्या घरी जेवणाच्या ताटांआधी चळवळीची पत्रकं मांडली जायची. वडील छापून आणायचे, मी घड्या घालायचे. त्यामुळे छापलेला शब्द खोटा दिसला की माझं डोकं फिरतं, आणि त्या वर्षी ते रोज फिरत होतं.

माझे काका महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले, कॅप्टन होऊन परतले आणि कसबा बावड्यात ऊस लावून गप्प बसले. लढाईवरून काकीला लिहिलेली त्यांची पत्रं मात्र गप्प नव्हती. त्यांत जपानी सैन्याला सगळीकडे 'पावणं', म्हणजे पाहुणे, म्हटलेलं. कारण पत्रं आजीला वाचून दाखवावी लागत, आणि 'शत्रू' ऐकलं की आजी जेवण सोडायची. तरी ती चिडायचीच, "लढाईला गेलाय का सोयरीक जमवाया?"

एका पत्रात होतं, "पावणं मूठभर भातावर दिवसभर चालतात, कुरकुर नाही." पुढच्यात, "पावण्यांनी आपल्या धरलेल्या पोरांचे जे हाल केले ते पाहून आज घास उतरला नाही." एकाच माणसानं, एकाच फौजेबद्दल लिहिलेलं. इतकं खरं मी कुठल्याही पत्रकात वाचलं नव्हतं.

त्या वर्षी गावात माजी सैनिकांची स्मरणिका निघणार होती. काकीच्या मागे लागून मी पत्रं मिळवली आणि समितीच्या अध्यक्षांकडे नेली. ते चष्मा पुसत म्हणाले, "पावणं? लोक हसतील की. शत्रू करा. आणि भाताचं कौतुक कशाला?"

"लिहिलंय तेच छापायचं."

"पोरी, पत्रक येगळं अन् स्मरणिका येगळी."

मी तणतणत काकांकडे गेले. ते उसाला पाणी पाजत होते.

"करू दे की शत्रू. मला ठावं हाय मी काय लिवलंय."

"वाचणाऱ्याला कसं कळणार?"

"वाचणारा फोटू बघतोय."

जपान्यांपुढे उभा राहिलेला माणूस एका चष्मेवाल्यापुढे पाट वळवत बसला होता!

प्रुफं आली. भाताची ओळ गायब. 'पावणं' दिसेल तिथं 'शत्रू' करा, असं अध्यक्षांनी सांगितलेलं, आणि छापखान्यानं इमानानं दिसेल तिथं केलेलं. मी ती काकीच्या चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचली. एका पत्राच्या शेवटी काकीच्या माहेरच्यांविषयी आलं, "जत्रेला गारगोटीचे शत्रू आले तर कोंबडं कापा. हात आखडू नका."

भाकरी थापणारा हात थांबला. "माझं भाऊ शत्रू?"

काका दारात पाय धूत होते. "अगं, मी पावणं लिवलंतं."

"मग त्यांनी बदलताना गप का बसलासा?"

काकांनी जेवणही केलं नाही. सायकल काढली, मला मागे बसवलं. अध्यक्षांच्या घरी, पुढच्या सोप्यात मी कॅप्टनचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "पावणं लिवलंय तिथं पावणंच. न्हायतर पत्रं माघारी द्या."

"भाताची ओळही," मी मागून म्हणाले.

"ती बी."

अध्यक्ष गडबडले. "कॅप्टनसाहेब, एवढं तत्त्वाचं काय त्यात?"

"तत्त्व कुठलं घेऊन बसलाय? मला सासुरवाडीला जायाचं हाय!"

पत्रं जशीच्या तशी छापली गेली. पण त्या दिवशी परतताना मी संतापून काकांच्या पाठीला ऐकवत होते, की खरं हे खरं असतं म्हणून छापायचं, मेहुण्यांच्या भीतीनं नव्हे.

काकांनी चढावर पायडल मारत मान किंचित वळवली. "जिकलीस न्हवं? मग उतर आता खाली, चढ हाय."